पोहणाऱ्यांचा कान
(कॅरी, नॉर्थ कॅरोलिना येथील उन्हाळी मेळाव्यात केलेले भाषण)



डॉक्टर म्हटल्यावर हृदयविकारावर बोलावे अशी आपली अपेक्षा असेल. परंतु मी आज मुलांच्या कानांविषयी बोलणार आहे.

आमच्या गावच्या विहिरीत इतर मुले पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकत. आम्हाला तिच्या काठावर उभे राहण्यासही मज्जाव होता. आपल्या पिढीतील कित्येकांना म्हणूनच पोहता येत नाही. येथे मात्र मे अखेरीस वसाहतींचे तलाव उघडले की आपली मुले सप्टेंबरपर्यंत पाण्यातच असतात. सुटीला जॉर्डन लेक आहेच. याचा मला विलक्षण आनंद वाटतो. पण ज्यांनी कधी बुडी मारली नाही, त्यांना बुडी मारणाऱ्यांची दुखणीही ठाऊक नसतात.

कानाची बाहेरची नलिका प्रौढांत सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्यातील मळ ही घाण नव्हे. तो किंचित आम्लधर्मी व तेलकट असून आतल्या त्वचेचे रक्षण करतो. पाणी वारंवार साचले की त्वचा भिजून मऊ पडते आणि स्यूडोमोनाससारखे जंतू आत शिरतात. २००७ साली या एका दुखण्यासाठी अमेरिकेत सुमारे २४ लाख वेळा लोकांनी डॉक्टर गाठले. प्रथम खाज सुटते, मग ठणका लागतो. पाळी ओढताच मूल कळवळले, तर दुखणे बहुधा याच नलिकेत आहे असे समजावे. पडशानंतर पडद्यामागे होणाऱ्या दुखण्यात अशा स्पर्शाने सहसा वेदना होत नाही.

अशा वेळी लसूण घालून कढवलेले तेल कानात ओतू नये. केसांची पिन आणि कापसाची काडी तर मुळीच नको. पुष्कळदा तिच्या ओरखड्यातूनच आजार सुरू होतो.

उपचार थेंबांचा. 'डॉक्टरांनी गोळी दिली नाही' अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. परंतु थेंबांतील औषध जागच्या जागी जेवढे तीव्र पोचते, तेवढे गोळीने पोचत नाही. मुलाला कुशीवर निजवून थेंब घालावेत व तीन ते पाच मिनिटे तसेच ठेवावे. आठवडा-दहा दिवस कान कोरडा राखावा. शेजाऱ्यांची उरलेली बाटली वापरू नये. पडद्याला छिद्र असल्यास निओमायसिनसारखे औषध श्रवणशक्तीला अपाय करू शकते.

पोहून आल्यावर मान एका बाजूस कलती करून पाणी निथळू द्यावे आणि टॉवेलने बाहेरचा कान टिपावा. पांढरे व्हिनेगर व रबिंग अल्कोहोल समभाग मिसळून त्याचे थोडे थेंबही घालता येतात. मात्र पडदा शाबूत नसेल किंवा कानात नळी बसवलेली असेल, तर नाही.

आता मायदेशाहून येणाऱ्या आईवडिलांविषयी. पुष्कळांना मधुमेह असतो, आणि मधुमेही वृद्धांत हाच जंतू क्वचित कवटीच्या तळाच्या हाडापर्यंत जातो. त्यातून चेहऱ्याचा लकवा, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. ही माणसे 'मुलाला उगाच खर्च' म्हणून दुखणे सांगत नाहीत. रात्री झोपू न देणारा ठणका आणि वाहणारा कान दिसला, तर विम्याची कागदपत्रे शोधत बसू नका. त्याच दिवशी कान दाखवून घ्या. आणि मधुमेह आहे, हे तेथे आधी सांगा.

जयभीम.