झोपेची गोळी आणि रात्रीची भीती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्याकडे कोणी नवा पदार्थ सांगते, कोणी विणकाम दाखवते. मला चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी विषय घेतला तो झोपेच्या गोळीचा. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, डॉक्टर नव्हे. पण आमच्या नात्यात जे डोळ्यांनी पाहिले आणि डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतले, तेवढेच सांगते.

आमच्या मावशीचे यजमान गेले, तेव्हा तिची झोपच उडाली. डॉक्टरांनी ॲल्प्राझोलॅमची लहानशी गोळी दिली आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा दाखवायला या म्हणून सांगितले. गोळीने झोप लागली, म्हणून दाखवायला जाणे राहूनच गेले. औषधाचा दुकानदार जुन्याच चिठ्ठीवर पाकीट देत राहिला. असे दीड वर्ष चालले.

पुढे वेगळेच सुरू झाले. मावशी दहाला झोपे आणि पहाटे तीनला दचकून उठे. छातीत धडधड, हातापायांना घाम, दाराशी कोणी उभे आहे असा भास. संध्याकाळी गोळीची वेळ जवळ आली की जीव घाबरा होई. कोणी म्हणाले, बाहेरचे काही असेल, दृष्ट काढा. कोणी म्हणाले, गोळी कमी पडते, दीड द्या. मावसभावाने दीड दिली. पंधरा दिवस बरे गेले आणि मग पुन्हा तेच.

शेवटी मनोविकाराच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी गोळी किती वाजता घेता आणि भीती किती वाजता वाटते, एवढे आठ दिवस वहीत लिहून आणायला सांगितले. वही पाहून ते म्हणाले, “आजी, ही भीती सगळी तुमची नाही. यात गोळीचाही वाटा आहे.”

भगिनींनो, हे मला प्रथम पटले नाही. भीतीवरचेच औषध भीती कशी आणील? मग डॉक्टरांनी समजावून सांगितले. आपल्या मेंदूत मन शांत ठेवणारी स्वतःची एक व्यवस्था असते. ही गोळी त्या व्यवस्थेला जोर देते. पण बाहेरून रोज मदत मिळाली की मेंदू आपला हात सैल सोडतो. जात्यावर दोघी बसल्या म्हणजे एकीचा हात हलका पडतो, तसे. मग दुसरी एकदम उठून गेली की सगळा भार पहिलीवर येतो. ॲल्प्राझोलॅमचा निम्मा अंश साधारण अकरा-बारा तासांत शरीरातून जातो, त्यामुळे तिचा जोर पहाटेपासूनच ओसरू लागतो. मेंदू उघडा पडतो आणि पूर्वीपेक्षा जास्त भीती उसळते. आपण समजतो दुखणे वाढले, आणि गोळी वाढवतो.

या जातीच्या गोळ्या काही नव्या नाहीत. लिब्रियम १९६० साली आली आणि व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, १९६३ साली. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० साली या सर्व गोळ्यांवर सवय लागण्याबद्दल आणि त्या सोडताना होणाऱ्या त्रासाबद्दल ठळक इशारा छापायला लावला. आपल्याकडेही ॲल्प्राझोलॅम, डायझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि २०१४ पासून दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. तेव्हा ओळखीने पाकीट मिळते यात भूषण मानू नये.

आणखी एक सांगते. काही वृद्ध माणसांना या गोळ्यांनी गुंगी येण्याऐवजी उलट चळवळ सुटते, चिडचीड होते. रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचे भय असते, ते निराळेच. सर्दीची आणि खाजेची गोळी घेतली की झोप येते, म्हणून ती पुष्कळ घरांत म्हाताऱ्या माणसांना रात्री देतात. क्लोरफेनिरामीन, प्रोमेथाझीन ही त्यांतलीच नावे. त्यांनी वृद्धांना भ्रम होऊ शकतो, नसलेले दिसू शकते. काहींच्या पायांत अशी चुळबूळ सुरू होते की पडून राहवत नाही. आणि ज्यांना मोठे घोरणे आहे, झोपेत श्वास अडकतो, त्यांचा श्वास अशा गुंगीच्या गोळीने जास्त अडकू शकतो. मग ती माणसे गुदमरून, घाबरून जागी होतात.

हे ऐकून आज घरी जाऊन कोणी गोळ्या फेकून देऊ नका! माझ्या सगळ्या बोलण्यातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली तर भीती कितीतरी पटींनी वाढते, हात कापतात, फेफऱ्यासारखे झटकेसुद्धा येऊ शकतात. गोळी कमी करायची ती डॉक्टरांच्या सांगण्याने, थोडी थोडी, आठवडे-महिने घेऊन. मावशीची गोळी कमी व्हायला सात महिने लागले. मधे काही रात्री फार वाईट गेल्या. तेव्हा सून जवळ बसून राही आणि “आई, ही गोळी कमी केल्याची भीती आहे, ही जाईल,” एवढेच म्हणे. त्या शब्दांचा मोठा आधार झाला.

गोळीबरोबर दारू तर मुळीच नको, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. आपली गोळी शेजारणीला देऊ नये, तिची आपण घेऊ नये. सकाळी रोज ठरल्या वेळी उठावे, दुपारनंतरचा चहा सोडावा, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसावे. कोणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस दूरध्वनी २०२२ पासून सुरू आहे. तो रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

आपल्या घरात कोणाला रात्रीची भीती वाटत असेल, तर त्या माणसाला भित्रे म्हणू नका. आधी उशाशी कोणती गोळी आहे ते पाहा, वेळा वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.