दोन रकाने, एकच दाब

राज्यभरातून आलेल्या भूगोलाच्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो,

 

पृथ्वीच्या अंतर्गत हालचाली शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने पाडतो. एक मंद भू-हालचालींचा, दुसरा शीघ्र भू-हालचालींचा. पर्वत पहिल्या रकान्यात जातात, भूकंप दुसऱ्यात. 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न येतो, मुलं उत्तर लिहितात, गुण मिळतात. ही विभागणी प्रश्नपत्रिकेच्या सोयीची आहे. हिमालयाचा कारभार असा दोन रकान्यांत चालत नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी खडकाकडे पाहू. स्कॉटलंडच्या समुद्रकिनारी कड्यांमधले वळ्या पडलेले थर पाहून सर जेम्स हॉल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक साधा प्रयोग केला. कापडाचे थर एकावर एक रचले, वर वजन ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी आत रेटलं. कड्यात दिसत होत्या तशाच वळ्या कापडाला पडल्या. भूपट्टांची कल्पना तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती, पण थरांना वळ्या पडायला आडवा दाब लागतो, हे त्या टेबलावर दिसलं.

कापड वळेल हो, पण दगड कसा वळेल? वर्गात कुणीतरी चुणचुणीत मूल हे विचारतंच, आणि आपण 'प्रचंड दाबामुळे' असं म्हणून पुढच्या मुद्द्याकडे जातो. हे उत्तर अर्धंच आहे. दाबाच्या जोडीला उष्णता लागते आणि वेळ लागतो. थंड डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर ठिकऱ्या उडतात. तोच गोळा उन्हात ठेवला की संध्याकाळपर्यंत पसरलेला असतो. जमिनीखाली दहा-पंधरा किलोमीटरवर तापमान ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचलं, की क्वार्ट्‌झसारखं खनिज हळूहळू वाहू लागतं. न वितळता, हे मुलांना ठासून सांगायला हवं. स्फटिकाच्या आत अणूंच्या ओळी सरकत राहतात आणि खडक घन राहूनच आकार बदलतो. त्याच्या वरचं थंड कवच मात्र अडून बसतं, ताण सोसतं आणि शेवटी तुटतं. दाब एकच, पण खाली खडक वाहतो आणि वर तुटतो. दोन्ही रकाने त्या एकाच दाबातून निघालेले आहेत.

आता हिमालय. भारतीय भूपट्ट वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक वेगाने उत्तरेकडे आला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. वेग घटला, पण रेटा थांबला नाही. भूपट्टाच्या वरच्या भागाचे कापे सुटत गेले आणि एकमेकांवर चढत गेले. तिबेटखाली भूकवचाची जाडी सुमारे ७० किलोमीटर आहे, नेहमीच्या खंडीय कवचाच्या जवळजवळ दुप्पट. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक उथळ समुद्रात साचलेला आहे, त्यात समुद्री जीवांचे अवशेष आहेत. आणि पुराव्यासाठी एव्हरेस्ट चढायची गरज नाही, बऱ्याच जणांच्या देवघरात तो आहे. नेपाळमधल्या काली गंडकीतून येणारा शाळिग्राम म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्रातल्या अमोनाइटचा जीवाश्म. पूजेची वस्तू वर्गात नेणं कुणाला रुचणार नाही, तेव्हा फोटोवर भागवावं.

भारत आणि तिबेट यांच्यातलं अंतर हिमालयात आजही वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर कमी होतं. भारतीय भूपट्ट ज्या भ्रंशावरून हिमालयाखाली जातो, त्याचा खोल, उष्ण भाग गाजावाजा न करता सरकत असतो. उथळ भाग मात्र अडकलेला असतो. म्हणून शंभर वर्षांत दोन मीटर सरकणं 'थकीत' राहतं आणि खडक स्प्रिंगसारखा दाबला जातो. २५ एप्रिल २०१५ रोजी गोरखा भागात अशीच थकबाकी एका झटक्यात चुकती झाली. तीव्रता ७.८ होती. उपग्रहांच्या मोजमापात जे दिसलं ते मला फार मोलाचं वाटतं. काठमांडू खोरं सुमारे एक मीटर वर उचललं गेलं आणि उत्तरेकडच्या उंच रांगांचा काही भाग चक्क खाली बसला. म्हणजे दोन भूकंपांच्या मधल्या शांत वर्षांत उंच शिखरं थोडीथोडी वर चढतात आणि भूकंपात त्यातली काही उंची गमावतात. या जमाखर्चात जी शिल्लक उरते, तो पर्वत. मग सांगा, गोरखाचा भूकंप कुठल्या रकान्यात लिहायचा?

हे सगळं दूरचं वाटत असेल तर ३० सप्टेंबर १९९३ आठवा. किल्लारी हिमालयापासून हजार किलोमीटरहून दूर, भूपट्टाच्या पोटात आहे. तिथे बेसॉल्टच्या खालचा प्राचीन खडक आडव्या दाबाने तुटला आणि एका बाजूचा भाग दुसऱ्यावर चढला. हिमालयात अवाढव्य प्रमाणावर चालतं तेच, अगदी लहान प्रमाणात. पहाटेच्या त्या झटक्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंतींखाली. उत्तरेकडच्या टकरीचा दाब साऱ्या भूपट्टात पसरतो, हे लातूर-धाराशिवच्या मुलांना पर्वतांच्या धड्यातच कळायला हवं. 'आपत्ती व्यवस्थापन' या प्रकरणापर्यंत त्यासाठी थांबू नये.

आपली एक खरी अडचण आहे. सह्याद्रीत वळ्या नाहीत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, ते आजही जवळजवळ आडवेच आहेत. डोंगर म्हणजे आडव्या पायऱ्या, हेच चित्र आपल्या मुलांच्या डोळ्यांत बसलेलं असतं. सहल राजगडावर न्या किंवा अजिंठ्याला, वळी दिसणार नाही. विदर्भातले शिक्षक याबाबतीत भाग्यवान आहेत. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीजच्या पट्ट्यात, मनसर-रामटेकच्या बाजूला, एका अतिप्राचीन पर्वतरांगेच्या मुळाचे खडक आहेत. पर्वत झिजून गेला, वळ्या उरल्या. पर्यटन म्हणून रामटेकला जाणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत, त्यांतल्या किती जणी त्या वळ्यांसमोर थांबतात, हे तुम्हीच मनाशी मोजा.

म्हणून दुपारच्या सत्रात दोन ठराव मांडावेत अशी विनंती करते. नव्या पाठ्यपुस्तकात मंद आणि शीघ्र यांच्यामधली रेघ पुसून हिमालय आणि त्यातले भूकंप एकाच पाठात यावेत, हा पहिला. दुसरा असा, की प्रत्येक जिल्ह्यात शाळेपासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा खडकांच्या ठिकाणांची यादी शिक्षकांनीच करावी आणि प्रत्येक ठिकाणी काय पाहायचं ते अर्ध्या पानात लिहावं. नागपूर आणि भंडाऱ्याच्या प्रतिनिधींनी सुरुवात करावी. त्यांच्याकडे दाखवण्यासारखं सर्वात जास्त आहे.