डबलसीट, तीन राज्ये

दोन मित्रांनी मोटारसायकल काढावी आणि चार-पाच दिवसांत तीन राज्ये, चार लिप्या आणि दोन नद्यांची खोरी पाहून घरी यावे, अशी सोय महाराष्ट्रात फार थोड्या गावांना आहे. नांदेड आणि लातूर ही त्यांपैकी दोन. नांदेडहून निघून कंधार, लातूर, औसा, उदगीर, बिदर, देगलूर आणि बासर करत पुन्हा नांदेडला येणारे वर्तुळ सुमारे सहाशे किलोमीटरचे भरते. लातूरकरांना तेच वर्तुळ लातुरातून सुरू करता येते.

या वर्तुळावर राज्यांच्या सीमा वारंवार आडव्या येतात, त्यामागे इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा सीमेवरचे काही जिल्हे अखंड उचलून कुणाला दिले गेले नाहीत. ते तालुक्यांच्या आणि महसुली मंडळांच्या हिशेबाने वाटले गेले. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके तोवर बिदर जिल्ह्यात होते. ते मुंबई राज्यात आले आणि उरलेला बिदर म्हैसूर राज्यात गेला. आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट इकडे आला, तर नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. २ जून २०१४ पासून ती तेलंगणात आहेत. आज मोटारसायकलस्वार ज्याला परराज्य म्हणतो, तिथे त्याच्या आजोबांच्या पिढीचा कचेरीचा हेलपाटा असे. सोयरिकी अजूनही सीमेपलीकडे होतात.

युरोपात मोटारसायकलवरून एका दमात चार-पाच देश पालथे घालणाऱ्यांची सुट्टी प्रसिद्ध आहे. ती सोपी झाली ती लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी १९८५ साली झालेल्या करारामुळे. तो २६ मार्च १९९५ पासून अमलात आला आणि करारातल्या देशांमधल्या सरहद्दीवरची नेहमीची तपासणी संपली. भारतातून जाणाऱ्याला मात्र व्हिसा लागतो, आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा लागतो आणि स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियासारख्या देशांत महामार्गावर चढण्यापूर्वी पथकराचे स्टिकर घ्यावे लागते. नांदेड-बिदर-बासर या फेरीत यातले काहीच नाही. वाहन चालवण्याचा परवाना देशभर चालतो, तिसऱ्या पक्षाचा विमाही चालतो आणि एमएच-२६ किंवा एमएच-२४ क्रमांकाची गाडी परराज्यात बारा महिन्यांपर्यंत नव्या नोंदणीशिवाय राहू शकते. हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे. मागे बसणारा त्यातून सुटतो हा समज जितका पसरलेला आहे तितकाच चुकीचा आहे.

गाडी कोणती, यावर मित्रांमध्ये वाद होतोच. भारी गाडी दिसायला ऐटबाज असते, पण या रस्त्यांना शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी पुरते. ती लिटरला पन्नास-साठ किलोमीटर जाते आणि कोणत्याही तालुक्याच्या गावी तिचा सुटा भाग मिळतो. मराठवाड्याचा या वाहनाशी जवळचा संबंध आहे: छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीच्या औरंगाबादजवळ) वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. निघण्यापूर्वी चेन ताणून तिला तेल द्यावे, ब्रेक पाहावेत, डबलसीटसाठी मागच्या चाकातली हवा वाढवावी. सोबत क्लचची वायर, प्लग, पाना आणि एक ट्यूब असली की पुरे. सामान डिकीत किंवा मागे आवळून बांधावे. पाठीवरची सॅक पन्नास किलोमीटरनंतर खांदे धरते.

हंगाम हिवाळ्याचाच. पावसाळ्यात मुख्य रस्ता सोडला की काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यात भरते आणि चाक फिरेनासे होते. मग काडीने चिखल खरवडण्यात दुपार जाते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन रस्त्यावर वाळत घातलेले असते. त्यावरून ब्रेक मारणे म्हणजे वाटाण्यांवरून चालणे. हिवाळ्यातला धोका उसाच्या ट्रॉल्यांचा. अंधारात मागचा दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठणे, हा या फेरीचा एकमेव कडक नियम आहे.

हिवाळ्यातही सर्वांत चांगली वेळ मार्गशीर्षाच्या शेवटाची. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा सुरू होते आणि दुसऱ्याच दिवशी, अमावास्येला, लातूर भागात येळवस असते. माळेगाव नांदेड-लातूर महामार्गावरच आहे, त्यामुळे दोन्ही एकाच वाटेत साधतात.

नांदेड सोडण्यापूर्वी तख्त सचखंड श्री हजूर साहिब पाहून घ्यावे. गुरू गोविंदसिंग यांचे इथे १७०८ साली निर्वाण झाले. आजची वास्तू एकोणिसाव्या शतकात महाराजा रणजितसिंग यांनी उभारवली. लंगरमध्ये पोटभर जेवून निघालेल्याला लोह्यापर्यंत थांबावे लागत नाही. लोह्याहून आडवाटेने कंधारला जावे. तिथला भुईकोट राष्ट्रकूटकाळापासूनचा मानतात. पाण्याचा खंदक आणि गावाजवळचा जगत्तुंग समुद्र हा तलाव त्या घराण्याच्या आठवणी सांगतात. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचे बिरुद होते.

कंधारच्या रानात गायी-बैल गडद तांबडे दिसतात. ही लाल कंधारी जात. माळेगावच्या यात्रेत तिचे उत्तम वळू पाहायला मिळतात. घोडे, गाढवे, उंट, शेळ्या, कुस्त्यांचा फड आणि तमाशाचे तंबू असा सगळा पसारा रस्त्याच्या कडेला मांडलेला असतो. त्या दिवशी गाडी लांबच लावून चालत जाणे शहाणपणाचे.

अमावास्येच्या दिवशी लातूर शहर ओस पडते. प्रशासन स्थानिक सुट्टी देते आणि माणसे रानात जातात. ज्वारीच्या पिकात कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पांडवांचे दगड मांडून पूजा करतात आणि मग भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील असा बेत पडतो. भज्जी म्हणजे भजी नव्हे. हरभरा, तूर, वाटाणा असे हिरवे दाणे आणि पालेभाज्या एकत्र शिजवून केलेला तो दाट प्रकार आहे. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवून घेण्याची रीत आहे. आंबील तीन-तीन तांबे पाजतात, तेव्हा पुढचा प्रवास तासभर लांबला तर नवल नाही. कर्नाटकात याच दिवसाला एळ्ळ अमावास्या म्हणतात आणि कन्नडमध्ये एळ्ळु म्हणजे तीळ. येळवस हा शब्द तिकडूनच आलेला दिसतो. सीमा ओलांडायच्या आधीच कन्नड असे ताटात येऊन बसते.

लातुरात गंजगोलाई पाहावी. १९१७ साली आखलेल्या या गोल बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात. मध्ये अंबाबाईचे देऊळ आहे. परक्या गाडीवाल्याचा इथे हमखास घोळ होतो: आलेला रस्ता कोणता आणि जायचा कोणता, हे एक फेरा मारल्यावरही कळत नाही. एप्रिल २०१६ मध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले.

पुढे औसा. इथला किल्ला सखल जागी आहे, म्हणून जवळ जाईपर्यंत तो नजरेत भरत नाही. औशाच्या दक्षिणेला किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात या पट्ट्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. जाड दगडी भिंती नुसत्या मातीत रचलेल्या आणि वर माळवदाचा भार, त्यामुळे घरेच जिवावर उठली. आजची पुनर्वसित गावे सरळ रस्त्यांची आणि ठेंगण्या घरांची आहेत. गणेशोत्सवानंतरची ती पहाट इथल्या प्रत्येक घरात सालासकट सांगितली जाते. प्रवाशाने विचारण्यापेक्षा ऐकावे.

औशाहून निलंग्याकडे जाताना खरोशाची लेणी लागतात. जांभ्या दगडात कोरलेली असल्याने ती वेरूळइतकी रेखीव राहिली नाहीत, पण गर्दी नसते. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीची चिंच आणि बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. सामानात जागा उरली असेल तर घरच्यांसाठी नेण्याजोग्या वस्तू याच.

निलंगा मागे टाकून देवणी-उदगीरच्या रस्त्याला लागले की गुरांचा रंग बदललेला ध्यानात येतो. तांबडी कंधारी संपते आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेली देवणी सुरू होते. तिच्यातही भेद आहेत: काळे-पांढरे ठिपके ती शेवरा, अंग पांढरे आणि तोंड काळे ती वान्नेरा, सगळीच पांढरी ती बालंक्या. नकाशावरच्या रेषेपेक्षा हा फरक जास्त खरा वाटतो, आणि तो मोटारीच्या काचेआडून सहसा दिसत नाही.

उदगीरच्या किल्ल्याला खोल खंदक आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला या परिसरात हरवले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तेव्हा मराठ्यांच्या बाजूने होत्या. त्यानंतर काही आठवड्यांतच भाऊ परतूरहून उत्तरेकडे निघाले, ते पानिपतावर गेले. उदगीरच्या बाजारात मराठी, कन्नड आणि दखनी एकाच व्यवहारात ऐकू येतात. इथेच एप्रिल २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

कमलनगरला कर्नाटक लागते. पाट्या कन्नड होतात, गाड्यांचे क्रमांक केए-३८ होतात आणि पेट्रोल बहुधा स्वस्त होते. पेट्रोल अजून जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा कर वेगळा. अलीकडच्या वर्षांत कर्नाटकात महाराष्ट्रापेक्षा कमी आणि तेलंगणात जास्त दर राहिला आहे. युरोपात शेजारचे लोक टाकी भरायला लक्झेंबर्गमध्ये जातात, तसे सीमेवरचे मराठी शेतकरी कर्नाटकातल्या पंपावर दिसतात. भाषेची अडचण येत नाही. पंक्चरच्या दुकानात आणि चहाच्या टपरीवर दखनी चालते, आणि ‘हौ’ आणि ‘नक्को’ एवढ्यावर निम्मे काम होते.

बिदर हा या फेरीतला सर्वांत मोठा मुक्काम. पंधराव्या शतकात बहमनी राजधानी गुलबर्ग्याहून इथे आली. महमूद गवानाचा मदरसा १४७२ चा. त्याच्या दर्शनी भागावरच्या रंगीत फरशांचे तुकडे अजून चमकतात. बिदरी कामाची भांडी जस्त-तांब्याच्या मिश्रधातूची असून त्यांवर चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या द्रावणात ती बुडवली की धातू काळा होतो आणि चांदी तशीच उजळ राहते. शहरातला गुरुनानक झिरा साहिब गुरुद्वारा ही नांदेडशी जोडणारी दुसरी गाठ. पंज प्यारेंपैकी भाई साहिबसिंग बिदरचे. नांदेड आणि बिदर अशी जोडयात्रा करणारे पंजाबी यात्रेकरू वर्षभर या रस्त्यावर असतात.

बिदरहून औराद मार्गे देगलूर. सीमेआधी टाकी भरून घ्यावी. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली मंदिरे आहेत. सिद्धेश्वराच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहायला सकाळची उन्हे बरी. त्या चालुक्यांची राजधानी, आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात आहे.

देगलूरहून बिलोली, गोदावरी ओलांडून धर्माबाद आणि पुढे तेलंगणातले बासर. नदीवर धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. माणसाला सीमेवर कुणी अडवत नाही, पाण्याला मात्र तारखा आहेत. बासरला सरस्वतीचे मंदिर आहे आणि मुलांना पहिले अक्षर गिरवायला आणणारी मराठी कुटुंबे तिथे तेलुगू कुटुंबांच्या रांगेतच उभी असतात. १९५६ पर्यंत हा मुधोळचा भाग नांदेडचाच होता.

परतीचा रस्ता उमरी, मुदखेड करत गोदावरीच्या उत्तर काठाने नांदेडला येतो. गाडी घरी लावल्यावर दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे न्यावी. सहाशे किलोमीटर डबलसीट झाल्यावर चेन सैल झालेली असते आणि एअर फिल्टरमध्ये तिन्ही राज्यांची धूळ असते.