शाळेचे विज्ञान, जगाचे प्रश्न आणि बाहेरची मदत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकविले. म्हणून विज्ञानशिक्षणातीलच एक अडलेला प्रश्न आपणांपुढे मांडावा असे मी ठरविले. पाणी, अन्न, ऊर्जा, रोगराई, हवामानबदल हे साऱ्या मानवजातीच्या विकासाशी निगडित असलेले विषय शाळेत शिकवावेत, याविषयी आता दुमत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर द्यावे असा निर्देश दिला होता. परंतु हे विषय एकट्या विज्ञानशिक्षकाच्या आवाक्यातले नाहीत. बाहेरची मदत लागणार. ती कोणाकडून घ्यावी, कोणत्या स्वरूपात घ्यावी, आणि घेताना काय सांभाळावे, याविषयी मला बोलावयाचे आहे.

'जागतिक' हा शब्द उच्चारला की आपली दृष्टी नकाशावर दूर कोठेतरी जाते. वस्तुतः तेथवर जाण्याचे कारण नाही. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील वायूने १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री हजारोंचे प्राण घेतले. त्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीच्या आरंभी, बारा कंटेनरांतून आपल्या इंदूरलगतच्या पीथमपूरला आणला गेला आणि त्याच वर्षी तेथील भट्टीत जाळला गेला. लोकांनी निदर्शने केली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. अशा वेळी वर्गातील मूल तीन प्रश्न विचारणार : जाळल्यावर त्याचे काय होते? राखेचे पुढे काय करतात? आणि परदेशी कंपनीचा कचरा आमच्याकडेच का? पहिल्याचे उत्तर रसायनशास्त्राचा शिक्षक निम्मेशिम्मे देऊ शकेल. दुसऱ्याला भूजलाचा आणि वैद्यकाचा जाणकार हवा. तिसऱ्यासाठी कायदा आणि अर्थकारण समजावे लागते. 'हे अभ्यासक्रमात नाही' असे म्हणून शिक्षक पुढच्या धड्याकडे वळला, तर विज्ञान हे परीक्षेपुरते असते, एवढेच ते मूल शिकेल.

सोयाबीनचेही तसेच. माळव्याच्या काळ्या जमिनीत गेल्या पन्नास वर्षांत हे पीक असे पसरले की पावसाळ्यातील शिवाराचे रूपच पालटले. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पकडतात, हे पुस्तकात आहे. मात्र त्याचे तेल आपल्या कढईत येते, पेंड जनावरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यासाठी परदेशीही जाते, आणि म्हणून आपल्या शेतकऱ्याचा भाव दूरच्या बाजारावर हिंदकळतो, हे पुस्तकात नाही. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८७ पासून याच शहरात आहे. तिचे शास्त्रज्ञ आपल्या किती शाळांच्या वर्गांत बसले असतील, याचा अंदाज आपणच करावा. त्यांना कोणी बोलाविलेच नसेल, तर दोष त्यांना कसा द्यावा?

बाहेरच्या मदतीने विज्ञान उभे करण्याची परंपरा इंदूरला परकी नाही. १९२४ साली येथे वनस्पतिविज्ञानाची एक संस्था निघाली. होळकर दरबाराने जमीन दिली. कापूस समितीने आणि मध्य भारतातील संस्थानांनी खर्च उचलला. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ओलावा राखून, ढीग वेळोवेळी उलथून खत तयार करण्याची रीत तेथे बसविली. १९३१ साली तिच्यावर ग्रंथ निघाला आणि 'इंदूर पद्धत' या नावाने ती जगभर गेली. विशेष हे की हॉवर्ड चीनमधील शेतकऱ्यांच्या जुन्या रिवाजापासून आणि येथल्या शेतकऱ्यांपासून शिकल्याचे मान्य करीत. देणारा आणि घेणारा यांच्या जागा ठरलेल्या नसतात, याचे याहून जवळचे उदाहरण मला ठाऊक नाही.

आता शाळांकडे येतो. आपल्याच राज्यात, त्या वेळच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा माध्यमिक शाळांत एक प्रयोग सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी शासनाकडे मागितले ते अनुदान नव्हे, तर अनुमती : सहावी ते आठवीचे विज्ञान आम्हांला प्रयोगांतून शिकवू द्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील अध्यापक त्यासाठी खेड्यांत आले. हे पाहुण्यांसारखे आले नाहीत. उन्हाळी शिबिरांत शिक्षकांबरोबर बसले, प्रयोग फसले की कारण शोधीत राहिले, शाळांतून फिरले आणि त्यांनी पुस्तकांचे पाठ पुन्हा लिहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांना या कामासाठी सवड मिळावी अशी सोय केली, ही मला सर्वांत मोलाची मदत वाटते, कारण पैसा देणारे पुष्कळ भेटतात. माणसाचा वेळ देणारे विरळा.

'बाल वैज्ञानिक' नावाची पुस्तके निघाली. मुले चार-चारांच्या टोळ्यांनी प्रयोग करीत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे आणि प्रयोगाचीही परीक्षा होई. शिक्षक दरमहा एकत्र जमून अडचणी मांडीत. मुले 'सवालीराम' या कल्पित गृहस्थाला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील अभियंते अरविंद गुप्ता १९७८ साली रजा काढून येथे आले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्यांनी जी खेळणी घडविली, ती पुढे देशभर पोहोचली. त्याच वर्षी हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. १९८२ साली 'एकलव्य' संस्था स्थापन झाली आणि हळूहळू इतर जिल्ह्यांतील शाळाही त्यात आल्या.

२००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. त्याच्या गुणदोषांविषयी तेव्हा पुष्कळ वाद झाला; त्यात मी आज शिरत नाही. मला दिसते ते एवढेच, की ज्या अनुमतीवर तीस वर्षांचे काम उभे होते, तीही बाहेरचीच होती. ती मागे घेतली गेली तेव्हा संच आणि पुस्तके थांबली. मात्र आपल्या हाताने प्रयोग करून पाहिलेल्या शिक्षकांची सवय काढून घेता आली नाही. म्हणून बाहेरून काही मिळवावयाचे असेल, तर ते शिक्षकाच्या हाती राहील असे मिळवावे.

आता पैशाचा विषय टाळता येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्यात मोडते. शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून निवडलेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. परदेशातून देणगी घ्यावयाची तर वेगळी नोंदणी लागते. ती नसता कोणी उत्साहाने पैसे पाठविले तर संस्था अडचणीत येईल, हे कार्यकारिणीने ध्यानी ठेवावे. यात गैर काही नाही. पण फीत कापण्याचा समारंभ आटोपल्यावर कुलूप लागलेली कपाटे मी पुष्कळ शाळांत पाहिली आहेत. उपकरणे असतात, ती वापरण्याचे कारण नसते.

पैसा देणाऱ्याचा हेतूही तपासावा लागतो. इंग्लंडातील विज्ञानशिक्षकांच्या संघटनेने १९९० साली बीपी या तेलकंपनीच्या साहाय्याने एक उपक्रम काढला. निरनिराळ्या देशांतील मुले आम्लपर्जन्य, घरातील ऊर्जेचा वापर, पिण्याचे पाणी अशा विषयांवर आपापल्या ठिकाणी माहिती जमवून एकमेकांना पाठवीत. कल्पना मला फार आवडली; आजही करण्याजोगी आहे. तथापि ऊर्जेच्या पाठाचा खर्च तेलकंपनी उचलते, तेव्हा ते मुलांना सांगणे हा त्या पाठाचाच भाग असला पाहिजे. मदत नाकारावी असे मी म्हणत नाही. ती कोणाची आहे हे झाकू नये.

मग प्रारंभ कोठून करावा? मी पाणी निवडीन. १९७८ पासून इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरांवरील जलूदहून उपसून आणावे लागते. शिवाय गल्लोगल्ली बोअरिंग आहेतच. एकाच वर्गातील मुले निरनिराळे पाणी पितात. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. लहान बाटलीत औषधात भिजवून वाळविलेली कागदाची पट्टी असते. तीत पाणी भरून एक-दोन दिवस उबेला ठेवावे. पाण्यात विष्ठेबरोबर येणारे जिवाणू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, त्याचा पट्टीतील लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. आपल्या उन्हाळ्यात ऊबयंत्राचीही गरज नाही. ग्वाल्हेरची ही बाटली अनेक गरीब देशांत पोहोचली. आपल्या शाळांत मात्र ती क्वचितच दिसते.

पण येथेच खरी अडचण सुरू होते. चोवीस मुलांनी चोवीस बाटल्या आणल्या आणि त्यांतील पाच काळ्या पडल्या, तर? ती पाच घरे कोणाची, हे वर्गात जाहीर करावयाचे का? चाचणी सूचक आहे, अंतिम नव्हे. जमिनीतून मुळातच सल्फाइड आलेल्या पाण्यात ती फसू शकते. उलट, बाटली स्वच्छ राहिली म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. आपल्या शेजारच्या झाबुआ जिल्ह्यात खडकांतून पाण्यात उतरणाऱ्या फ्लोराइडने मुलांचे दात आणि मोठ्यांची हाडे बिघडली आहेत. लिटरला दीड मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारे ते फ्लोराइड या पट्टीला दिसत नाही. पालक धास्तावतील, नगरपालिकेचा अधिकारी रागावेल, कोणी म्हणेल की शाळेला हे उद्योग सांगितले कोणी? त्या क्षणी शिक्षकाच्या शेजारी उभा राहून 'नमुना पुन्हा घेऊ, माझ्या प्रयोगशाळेत तपासू आणि निष्कर्षाखाली मी सही करीन' असे म्हणणारा माणूस लागतो. माझ्या मते शाळेने मागावयाची मदत ही आहे.

असा माणूस या शहरात सापडू नये, असे नाही. १८९१ पासूनचे होळकर विज्ञान महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, राजा रामण्णा केंद्र आहे, २००९ पासून आयआयटी आहे. त्यांतील पुष्कळ मंडळी मराठी घरांतली आहेत, आणि काहींची मुले कदाचित याच बाकांवर बसत असतील. त्यांना 'एक व्याख्यान द्या' असे सांगू नये. व्याख्यान देऊन माणूस निघून जातो, हे आज माझ्यावरूनही दिसेलच. वर्षातून चार वेळा या, पहिल्या खेपेला नुसते मुलांचे ऐका, असे सांगावे. आणि बोलणे मुलाला समजेल अशा भाषेत व्हावे. आपली मुले विज्ञान हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकतात. पण घरी आजी पाणी गाळते, उकळते, तुरटी फिरवते, ते मराठीत.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वी आठवीच्या वर्गाने आपापल्या घरच्या पाण्याविषयी प्रश्न लिहून काढावेत. शिक्षकांनी ते न सुधारता, मुलांच्याच अक्षरात, एखाद्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला पाठवावेत. सोबत मुख्याध्यापकांचे पत्र असावे आणि त्यात स्पष्ट लिहावे की आम्हांला निधी नको, बाटल्यांचा खर्च शाळा करील. आम्हांला फेब्रुवारीपर्यंत आपले चार शनिवार हवे आहेत, आणि निकाल अडचणीचा आला तर आपली सही हवी आहे. काळ्या पडलेल्या बाटल्यांची नावे कोणाला कळवावयाची, हे पहिली बाटली भरण्यापूर्वी पालकसभेत ठरवून घ्यावे. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही तर दुसऱ्या विभागाला लिहावे. बाटल्यांचे पैसे या व्याख्यानाच्या मानधनातून घ्यावेत, ही माझी विनंती संस्थेने मान्य केली आहे.