दार आणि खिडकी



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "परदेशी जाऊन इंग्रजी शिकविण्याचा व्हिसा, यात व्याख्यान देण्याजोगे आहे तरी काय? कचेरीत जावे, अर्ज भरावा, शिक्का घ्यावा!" एके काळी आम्हांलाही तसेच वाटत असे. पण हा प्रश्न आमच्याच घरात येऊन बसला, आणि मग त्याचे स्वरूप कळले.

आमची पुतणी इंग्रजी घेऊन बी. ए. झाली, बी. एड्. झाली, आणि एका हायस्कुलात सहा वर्षे तिने मुले शिकविली. दक्षिण कोरियात इंग्रजीचे शिक्षक हवे असतात असे ऐकून तिने तेथील खाजगी वर्गांकडे अर्ज धाडले. या वर्गांना तेथे 'हागवॉन' म्हणतात. आपल्याकडील क्लासच म्हणा ना! पाच ठिकाणांहून उत्तरे आली, आणि पाचही उत्तरांत पहिला प्रश्न एकच होता : पासपोर्ट कोणत्या देशाचा? व्याकरण कसे शिकविता, अबोल मुलाला बोलते कसे करता, हे कोणी विचारलेच नाही. 'भारताचा' असे तिने कळविले, आणि पत्रव्यवहार तेथेच संपला.

पुढे एक मध्यस्थ भेटला. "पर्यटक म्हणून जाऊ द्या, तेथे पोचल्यावर पुढचे आम्ही पाहतो," असे त्याने सांगितले व रक्कमही सांगितली. खोटे कशाला बोलावे? निम्मी रक्कम मोजून आम्ही पाकिटात घातली होती. तेव्हा पुतणीच म्हणाली, "काका, दार उघडे असेल, तर हा मला खिडकीतून का नेतो आहे?" त्या प्रश्नाने आमची झोप उडाली, आणि आम्ही नियम वाचावयास बसलो.

कोरियात परभाषा शिकविणाऱ्यांसाठी 'ई-२' नावाचा व्हिसा आहे. इंग्रजीपुरते पाहिले तर तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या देशांतील उमेदवाराजवळ कोणत्याही विषयाची पदवी असली तरी व्हिसापुरते चालते. भारतीयांसाठी एक निराळी वाट आहे. भारत व कोरिया यांच्यात ७ ऑगस्ट २००९ रोजी आर्थिक भागीदारीचा करार झाला व १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला. त्यात प्राथमिक व माध्यमिक शाळांतील इंग्रजीच्या सहायक शिक्षकांची तरतूद आहे. मात्र नुसत्या पदवीवर भागत नाही. शिक्षकाची पात्रताही लागते. म्हणजे रसायनशास्त्राचा पदवीधर तरुण टोरांटोहून येऊन इंग्रजी शिकवू शकतो, आणि बी. एड्. झालेल्या आमच्या मुलीला अरुंद वाटेने जावे लागते.

यात अन्याय आहे का? अधिकाऱ्याची अडचण आम्ही समजू शकतो. हजारो अर्ज समोर असता प्रत्येकाची भाषा तो कोठे तपासणार? म्हणून तो पासपोर्टाचा रंग पाहतो. आपणही आंबे घेताना पेटीवर देवगडचे नाव पाहतोच की! पण फळ कापल्यावाचून गोडी कळत नाही, हेही आपण जाणतो. नाव पाहणे ही सोय झाली. तिला परीक्षा म्हणू नये, इतकेच आमचे म्हणणे आहे.

आता दाराने जावयाचे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. आधी नोकरीचा करार हातात पाहिजे. पदवीचे प्रमाणपत्र राज्य शासनाकडून तपासून घ्यावे लागते आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा 'अपोस्टील' शिक्का लागतो. ही सोय भारतात २००५ सालापासून आहे. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कचेरीतून काढावयाचा. ही कागदपत्रे कोरियास गेल्यावर तेथील मालक आपल्या सरकारकडून मंजुरीचा क्रमांक मिळवितो, आणि मग येथील कोरियन वकिलातीत व्हिसाचा अर्ज करावयाचा. तेथे पोचल्यावर नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करावयाची. हा क्रम रटाळ खरा. पण यातील प्रत्येक कागद उद्या संकटात आपली साक्ष देणारा असतो.

खिडकीने गेलेल्याला साक्षीदार नसतो. पर्यटकाच्या व्हिसावर शिकविणे हा तेथे गुन्हा आहे. मालकाने पगार बुडविला तर तक्रार करावयास जाणारा प्रथम स्वतःच आरोपी ठरतो, आणि पकडला गेला तर दंड भरून परत येतो. मध्यस्थ मात्र येथेच असतो, दुसऱ्या कोणाचे तरी पाकीट मोजीत!

मग जाचक नियमांपुढे मान तुकवूनच बसावे काय? नाही. त्याच कोरियातील गोष्ट ऐका. परदेशी इंग्रजी शिक्षकांना तेथे एच. आय. व्ही.ची तपासणी सक्तीची होती. कोरियन शिक्षकांना नव्हती. २००९ साली न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने फेरतपासणीस नकार दिला व नोकरी गमावली. तिचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदनिर्मूलन समितीपुढे गेले. २०१५ साली समितीने तिच्या बाजूने निर्णय दिला, आणि २०१७ साली ती सक्ती उठली. ध्यानात घ्या, तिचे कागद चोख होते म्हणून तिला भांडता आले. दाराने आत गेलेल्यालाच 'दार रुंद करा' असे म्हणण्याचा अधिकार पोचतो.

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. आमच्या शाळांत इंग्रजी वाचतात, लिहितात, पाठही करतात, बोलतात किती? 'आमचे इंग्रजी कोणाहून कमी नाही' असे जगाला सांगावयाचे, तर आधी आपला वर्ग बोलता झाला पाहिजे.

आमच्या पुतणीचे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. पाकिटातील पैसे बँकेत परत गेले. त्यातूनच तिने सर्व कागद रीतसर करून घेतले. जागा मात्र अजून निघालेली नाही. पोलिसांचा दाखला शिळा झाला, तो पुन्हा काढावा लागेल. दरम्यान ती आपल्या वर्गात आठवड्यातून दोन तास मराठीचा एकही शब्द न उच्चारता शिकविते. पहिले दोन महिने मुले गप्प बसली होती. आता शेजारच्या वर्गाची तक्रार येते की, फार गलका होतो!

तो गलका ऐकावयास कोणत्याही वकिलातीतील गृहस्थाने जरूर यावे. त्याच्याकडे आम्ही पासपोर्ट मागणार नाही.