खापर आईच्या माथी का?

मैत्रिणींनो, जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतून नांदवत नसल्याच्या तक्रारी आपण नेहमीच ऐकतो. त्यांतली एक मला विसरता येत नाही. मूल तीन वर्षांचं. हाकेला ओ देत नाही, बोटाने काही दाखवत नाही, तासन्‌तास चाक फिरवत बसतं. 'तुझ्याच पोटी असं कसं निपजलं?' म्हणत सासरच्यांनी मायलेकरांना माहेरी धाडलं. मीही तिला विचारलं, 'त्याच्याशी बोलत नव्हतीस का गं?' त्या प्रश्नाची मला आज लाज वाटते.

ही स्वमग्नता. लिओ कॅनर यांनी १९४३ साली तिचं वर्णन केलं. पुढे भल्याभल्या तज्ज्ञांनी 'मायाहीन आई'वर ठपका ठेवला. एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली तो खोडून काढला. मेंदूची घडणच वेगळी असते. त्यात आईचा दोष नाही.

१९९५च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नाव नव्हतं, २०१६च्या कायद्यात आहे. म्हणून तपासणी, प्रमाणपत्र, शाळा हे हक्काने मागू या. पण आधी भगताकडे निघालेल्या त्या आईसोबत जिल्हा रुग्णालयापर्यंत आपण जाऊ या. आणि तिला एवढंच सांगू या : बाई, तुझं काही चुकलेलं नाही.