मुंबईची वीज : घाटमाथ्यावरून गच्चीवर

मुंबई महानगरपालिकेने १३ मार्च २०२२ रोजी आपला वातावरण कृती आराखडा जाहीर केला. सन २०५० पर्यंत 'निव्वळ शून्य उत्सर्जन', म्हणजे शहरातून जेवढे हरितगृह वायू बाहेर पडतील तेवढेच निसर्गात वा अन्य मार्गाने शोषले जातील अशी स्थिती, हे त्यातील अंतिम उद्दिष्ट होय. संपूर्ण देशासाठी हीच मुदत २०७० ही आहे. २०१९ च्या तुलनेत २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४० पर्यंत ४४ टक्के घट, असे मधले टप्पे त्यात आखलेले आहेत.

संकल्प मोठा खरा. परंतु स्वच्छ विजेच्या वाटेवर ही नगरी प्रथमच पाऊल टाकीत आहे, असे मात्र नव्हे. कापडगिरण्यांची धुराडी कोळशाचा धूर ओकीत असता, सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस अडवून त्यापासून वीज निर्माण करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांनी उराशी बाळगली होती. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सर दोराबजी यांनी ती तडीस नेली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोली येथील वीजगृह सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरात साठविलेले पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली झेपावत होते. त्यापाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. यंत्रे बदलली, क्षमता वाढली; पण ही तिन्ही केंद्रे आजही चालू असून त्यांची एकत्रित क्षमता ४४७ मेगावॉट आहे.

या गौरवगाथेला एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भिऱ्याच्या वीजगृहाला पाणी पुरविणारे मुळशीचे धरण मावळातील शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर उभे राहिले. पन्नासाहून अधिक गावांवर गंडांतर आले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून १९२४ पर्यंत तेथे सत्याग्रह चालला. स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. तरीही धरण झाले. शिवाय भीमेच्या खोऱ्यात, पूर्वेकडे वाहत जावयाचे पाणी तेव्हापासून पश्चिमेस कोकणात उतरते. दुष्काळी भागाच्या पाण्याचा विषय निघतो तेव्हा हा प्रश्न आजही हटकून पुढे येतो. मुंबईचा धूर कमी झाला तो मावळाने किंमत मोजली म्हणून. स्वच्छ वीज धुराविना मिळते. ती कोणाच्या तरी जमिनीविना मिळतेच असे नाही.

शहराची भूक मात्र पाण्याच्या आवाक्याबाहेर गेली. १९५६ मध्ये तुर्भे येथे औष्णिक केंद्र आले, पुढे डहाणूचे आले, आणि आराखडा तयार झाला त्या वेळी मुंबईची बहुतांश वीज कोळशावर अवलंबून होती. आराखड्यानुसार २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन २ कोटी ३४ लक्ष टन होते; त्यातील सुमारे ७२ टक्के इमारतींतील वीज व इंधन यांच्या वापरातून, २० टक्के वाहतुकीतून व उर्वरित कचऱ्यातून आले. दिवे, पंखे, वातानुकूलन, उद्‌वाहने आणि स्वयंपाकाची शेगडी, असा या मोठ्या वाट्याचा उगम घरात आणि कचेरीतच आहे.

बाहेरून स्वच्छ वीज आणावी, तर तिला वाट हवी. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा परिसरातील पारेषण वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबईच्या लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा या वाटा किती अरुंद आहेत याचा प्रत्यय सर्वांनाच आला. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये कार्यान्वित झाली, हे म्हणूनच एखाद्या मोठ्या सौरप्रकल्पाच्या उद्‌घाटनाइतकेच महत्त्वाचे मानावयास हवे, जरी तारांच्या उद्‌घाटनाला फारशी गर्दी जमत नाही.

वाहतुकीच्या बाबतीत मुंबईकरांचा वारसा मूळचाच चांगला आहे. घोड्यांची ट्राम जाऊन विजेची ट्राम १९०७ मध्ये आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची आगगाडी धावली. 'बेस्ट'ने आता विजेवरील बसगाड्या घेतल्या आहेत, त्यांत दुमजलीही आहेत. मात्र एकेकाळी चार हजारांहून अधिक असलेला हा ताफा तीन हजारांच्याही खाली आला आहे. बस धूर सोडीत नाही ही गोष्ट चांगलीच; परंतु थांब्यावर अर्धा तास ताटकळलेला प्रवासी शेवटी रिक्षाला हात करतो, आणि तो हिशेब कोणत्याच आराखड्यात दिसत नाही.

सूर्यशक्तीची अडचण वेगळी आहे. पावसाळ्यात आभाळ झाकोळते, आणि संध्याकाळी, नेमकी मागणी चढते तेव्हा, सूर्य मावळतो. यावर सह्याद्रीनेच पुन्हा तोड दिली आहे. दिवसा मिळणाऱ्या सौरविजेवर खालच्या जलाशयातील पाणी वर चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज घ्यावयाची, अशा उदंचन प्रकल्पांसाठी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासन व टाटा पॉवर यांच्यात सामंजस्य करार झाला. भिवपुरी येथे १,००० व पुणे जिल्ह्यातील शिरवटा येथे १,८०० मेगावॉट अशी त्यांची नियोजित क्षमता आहे. मुळशीचा इतिहास पाहता, तेथील गावांशी बोलणी आधी आणि बांधकाम नंतर, हा क्रम राखला जावा.

शहरात राहते ती गच्ची. साधारण शंभर चौरस फूट मोकळ्या, सावलीरहित जागेवर एक किलोवॉटचे संच बसतात आणि ते वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतात. हजार चौरस फुटांतून चाळीस युनिट. वीस मजली मनोऱ्यातील सर्व बिऱ्हाडांना ती पुरणार नाही. पण चार मजली सोसायटीचा पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे व उद्‌वाहन यांचा मोठा भार ती उचलू शकते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत, २०२४ पासून, गृहनिर्माण संस्थांना अशा सामायिक सोयींसाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये साहाय्य ठेवलेले आहे. जास्तीची वीज नेट मीटरमार्फत वितरण कंपनीच्या जाळ्यात जाते आणि देयकातून वजा होते.

मोठी अडचण तंत्राची नसून संमतीची असते. गच्ची सर्वांच्या मालकीची. वरच्या मजल्यावरील रहिवाशाला गळतीची धास्ती, कोणाला पापड-कुरडया वाळविण्याच्या जागेची काळजी, तर कोणाचा इमारतीच्या पुनर्विकासापर्यंत थांबण्याचा आग्रह. यांतील एकही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जलरोधक काम आधी उरकणे, संच जमिनीपासून उंच सांगाड्यावर बसवून खालची जागा वापरात ठेवणे, पुनर्विकासाच्या वेळी संच काढून पुन्हा उभारण्याची अट करारातच घालणे, हे सारे शक्य आहे. मागील बारा महिन्यांची सामायिक देयके सभासदांपुढे ठेवून सर्वसाधारण सभेत ठराव मांडला, तर चर्चा नेमक्या आकड्यांवर होते.